वाचलेले युनिट कोणाचे?

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, तमिळनाडू शासन, चेन्नई
यांस खुले पत्र

विषय : पापनाशमच्या घरांसाठी साधा पंखा की बीएलडीसी पंखा, आणि महाग पंख्याच्या वाढीव किमतीचा भार

महोदय,

छताचा साधा पंखा बाजारात साधारणपणे १,३०० ते १,८०० रुपयांना मिळतो. बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) मोटरचा पंखा २,५०० ते ३,५०० रुपयांना पडतो. वारा दोन्हींचा सारखाच, पण महाग पंख्याला वीज बरीच कमी लागते. तेव्हा महाग पंखाच अखेरीस स्वस्त पडतो, असे दुकानदार आणि जाहिराती दोघेही सांगतात. काही घरांच्या बाबतीत ते खरे आहे, काहींच्या बाबतीत मुळीच नाही. वाचलेल्या प्रत्येक युनिटाचे पैसे कोणाकडे उरतात, यावर हा सारा हिशेब ठरतो. तमिळनाडूत कमी वीज वापरणाऱ्या घरात ते पैसे शासनाच्या तिजोरीत उरतात आणि पंख्याची वाढीव किंमत मात्र त्या घराला मोजावी लागते. ज्याच्या पदरात बचत पडते त्यानेच वाढीव किंमत सोसावी, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे. त्याची कारणे पुढे क्रमाने दिली आहेत.

पापनाशम हे तंजावर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. तंजावरहून सुमारे २५ किलोमीटर, कुंभकोणमहून सुमारे १५ किलोमीटर, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात. चहूकडे भातशेती, कालवे आणि केळीच्या बागा असल्यामुळे हवेत ओलावा कायम असतो. मे महिन्यातल्या अग्निनक्षत्राच्या दिवसांत पारा चाळिशीला टेकतो आणि रात्रीही घाम सुकत नाही. विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हाळ्याला उत्तर म्हणून वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे कूलर चालतात, कारण तिथली हवा कोरडी असते आणि पाणी झपाट्याने उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते. पापनाशमच्या दमट हवेत कूलर जवळजवळ निरुपयोगी ठरतो. उरतात दोन साधने : पंखा आणि वातानुकूलन यंत्र. दुसरे विकत घेणे आणि चालवणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून या भागात पंखा ही चैन नसून घराची मूलभूत गरज आहे. तो उन्हाळ्यापुरता लावला जात नाही, पावसाळ्याचे काही आठवडे आणि मार्गळीतल्या (डिसेंबर-जानेवारीतल्या) थंड पहाटा सोडल्या तर बाराही महिने फिरत असतो.

शासनानेही ही गरज पूर्वीच मान्य केली आहे. १५ सप्टेंबर २०११ रोजी तमिळनाडूत शिधापत्रिकाधारक कुटुंबांना मिक्सर, ग्राइंडर आणि टेबल फॅन मोफत देण्याची योजना सुरू झाली. मिक्सर-ग्राइंडरच्या जोडीला पंख्याला स्थान मिळाले, यातच त्याचे या राज्यातले महत्त्व दिसते. त्या योजनेत प्रश्न एवढाच होता की घरात पंखा असावा की नसावा. आज बहुतेक घरांत तो आहे. आता तो कोणत्या जातीचा असावा, हा प्रश्न आहे.

दोन्ही पंख्यांतला फरक मोटरमध्ये आहे. साध्या पंख्यात सिंगल फेज इंडक्शन मोटर असते. तारेच्या गुंडाळ्यांतून प्रवाह गेला की फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते क्षेत्र फिरणाऱ्या भागात प्रवाह उत्पन्न करते आणि त्या प्रवाहाच्या बळावर पाती फिरतात. फिरणाऱ्या भागात असा प्रवाह उत्पन्न करावा लागत असल्यामुळे विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत जातो. तासभर चाललेल्या पंख्याच्या मोटरला हात लावला तर हे लगेच कळते. बीएलडीसी पंख्याच्या फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक बसवलेले असतात, त्यामुळे तिथे प्रवाह उत्पन्न करावा लागत नाही. एक छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट घरातल्या एसी विजेचे डीसीत रूपांतर करते आणि गुंडाळ्यांना ठरलेल्या क्रमाने वीज देते. जुना साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी पंखा २८ ते ३५ वॅट. शिवाय व्होल्टेज कमी झाले तरी त्याचा वेग टिकून राहतो. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे, टीव्ही आणि पंखे एकाच वेळी सुरू होतात तेव्हा वीजवाहिनीच्या टोकाकडच्या घरांत साधा पंखा मंदावतो. अशा घरांसाठी हा गुण विजेच्या बचतीइतकाच मोलाचा आहे.

हे तंत्र परदेशातून जसेच्या तसे आलेले नाही. कोइंबतूरच्या एका उद्योगाने 'सुपरफॅन' या नावाने बीएलडीसी पंखे देशात सर्वांत आधी बाजारात आणले. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२ साली स्थापन केलेल्या ॲटमबर्ग कंपनीने पुढे त्यांचा प्रसार केला. आता जुन्या, मोठ्या पंखा कंपन्याही ते बनवतात. म्हणजे वस्तू देशी आहे, सिद्ध झालेली आहे आणि स्पर्धाही पुरेशी आहे. अडचण किमतीची आहे आणि बचतीच्या वाटणीची आहे.

बचत मोजताना दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात, आणि तिथेच ग्राहकाची दिशाभूल होते. पहिला प्रश्न : घरात चालू असलेला जुना पंखा काढून नवा बीएलडीसी लावावा का? दुसरा प्रश्न : पंखा नवा घ्यायचाच आहे, तर साधा घ्यावा की बीएलडीसी? जाहिरातीतली तुलना नेहमी ७५ वॅटच्या जुन्या पंख्याशी असते. पण १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा दक्षता ब्यूरोचे स्टार लेबल सक्तीचे झाले आहे. १,२०० मिलिमीटर व्यासाच्या पंख्याने एका वॅटमागे मिनिटाला किती घनमीटर हवा फेकली, त्यावर तारे ठरतात : एका ताऱ्याला किमान ४, पाच ताऱ्यांना किमान ६. अशा पंख्याने मिनिटाला किमान २१० घनमीटर हवा दिली पाहिजे. या मापाने २१० घनमीटर हवा देणारा एक तारा पंखा फार तर ५२ वॅट घेईल आणि पाच तारे पंखा फार तर ३५ वॅट. म्हणजे आज दुकानात मिळणारा सर्वांत स्वस्त पंखासुद्धा पूर्वीच्या पंख्याहून बराच काटकसरी आहे. नवा पंखा घेणाऱ्याने तुलना ७५ वॅटशी न करता ५२ वॅटशी केली पाहिजे.

आता आकडे. हिशेबासाठी पंखा दिवसाला १२ तास पूर्ण वेगात चालतो असे धरू. तमिळनाडूत बिल दोन महिन्यांचे येते, म्हणून ६० दिवसांचा विचार करू. ७५ वॅटचा जुना पंखा या काळात ५४ युनिट घेतो, ५२ वॅटचा नवा साधा पंखा सुमारे ३७.५ युनिट आणि ३० वॅटचा बीएलडीसी सुमारे २२ युनिट. जुना पंखा बदलला तर एका बिलामागे सुमारे ३२ युनिट वाचतात. नवा साधा न घेता बीएलडीसी घेतला तर सुमारे १६. पंखा मंद वेगात चालवला तर दोन्ही आकडे खाली येतात. जुन्या डब्याएवढ्या रेग्युलेटरमध्ये वेग कमी केला तरी वीज उष्णता होऊन जात असे. आजच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये ती बऱ्याच अंशी वाचते.

या युनिटांची किंमत घराघरांत वेगळी आहे. २३ मे २०१६ पासून तमिळनाडूत प्रत्येक घरगुती ग्राहकाला दोन महिन्यांमागे पहिले १०० युनिट मोफत मिळतात. १० सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात एकूण वापर ५०० युनिटांच्या आत असेल तर १०१ ते २०० युनिटांना ग्राहकाकडून २ रुपये २५ पैसे, २०१ ते ४०० ला ४ रुपये ५० पैसे आणि ४०१ ते ५०० ला ६ रुपये दर ठेवला होता. वापर ५०० च्या पुढे गेला की दुसऱ्या टप्प्यातली सवलत जाते आणि पुढचे युनिट ८ रुपयांपासून चढत जातात. त्यानंतर दर काहीसे वाढले, पण पायऱ्यांची ही रचना कायम राहिली. म्हणून पुढचा हिशेब २०२२ च्या दरांवर केला आहे. पंख्याची किंमत ३,००० रुपये आणि साध्या पंख्यापेक्षा वाढीव किंमत १,५०० रुपये धरली आहे.

पहिले घर शेतमजुराचे : दोन खोल्या, एक पंखा, दोन दिवे, टीव्ही आणि मोफत मिळालेला मिक्सर. दोन महिन्यांचा वापर ९० युनिट, बिल शून्य. या घराने ३,००० रुपये घालून पंखा बदलला तर बिल शून्यच राहील. ग्राहकाचा फायदा शून्य, आणि वाढीव किंमत कधीच भरून येणार नाही. मात्र शासन या घराच्या प्रत्येक युनिटामागे वितरण महामंडळाला ४ रुपये ५० पैसे अनुदान देत असते. वाचलेल्या ३२ युनिटांमागे शासनाचे दर बिलाला सुमारे १४५ रुपये, वर्षाला सुमारे ८७५ रुपये वाचतात.

दुसरे घर छोट्या शेतकऱ्याचे किंवा शिक्षकाचे, वापर १८० युनिट. इथे एका पंख्यामागे ग्राहकाचे दर बिलाला सुमारे ७३ रुपये वाचतात, वर्षाला सुमारे ४४०. शासनाचेही तितकेच वाचतात, कारण या टप्प्यात निम्मा दर शासन भरते. चालू पंखा काढून नवा लावला तर ३,००० रुपये फिटायला जवळजवळ सात वर्षे लागतात. नवा पंखा घेतानाच बीएलडीसी निवडला तरी वाढीव १,५०० रुपये फिटायला तितकाच काळ लागतो, कारण त्या तुलनेत बचतही निम्मीच असते. बाजारातली हमी बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांची असते. सात वर्षांनी फिटणारी वस्तू दोन वर्षांच्या हमीवर घ्यावी, असा सल्ला कोणत्याही विचारी माणसाला देता येणार नाही.

तिसरे घर मध्यमवर्गीय : तीन-चार पंखे, फ्रिज, वॉशिंग मशीन, वापर ३५० युनिट. इथे वाचलेले युनिट पूर्ण ४ रुपये ५० पैशांचे असते. वर्षाला एका पंख्यामागे सुमारे ८७५ रुपये वाचतात आणि दोन्ही प्रश्नांचे उत्तर साडेतीन वर्षांच्या आत येते. पंखा दहा वर्षे टिकेल असे धरले तर हा सौदा फायद्याचा आहे, मात्र जिथे पंखा सर्वांत जास्त तास चालतो त्या खोलीपुरता. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलण्यात अर्थ नाही.

चौथे घर उन्हाळ्यात ५०० युनिटांची रेषा ओलांडणारे. मे-जूनच्या बिलात वापर ५२० युनिट झाला तर २०२२ च्या दराने बिल २,११० रुपये होते. एकच पंखा बदलून वापर ४८८ युनिटांवर आला तर बिल सुमारे १,६५० रुपये होते. बत्तीस युनिटांमागे साडेचारशेहून अधिक रुपये वाचतात. रेषेच्या अगदी लगत असलेल्या घरासाठी बीएलडीसी पंखा एक-दोन उन्हाळ्यांतच निम्मा फिटतो. पण बिल हातात येईपर्यंत ही रेषा कुठे आहे आणि आपण तिच्या किती जवळ आहोत, हे ग्राहकाला कळत नाही.

हा सगळा हिशेब उलटा लागला आहे. ज्या घराकडे पैसे आहेत त्याला महाग पंखा स्वस्त पडतो. ज्या घराकडे पैसे नाहीत त्याला तो कधीच स्वस्त पडत नाही, आणि त्याच घराच्या विजेवर शासनाचा सर्वांत जास्त खर्च होतो. गरीब घराने जुना पंखा ठेवणे हा त्याचा अडाणीपणा नाही. दिलेल्या दरांत त्याचा निर्णय बरोबरच आहे. 'वीज वाचवा' असे फलक लावून हा निर्णय बदलणार नाही.

महाराष्ट्राशी तुलना केली की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. महावितरणच्या सर्वसाधारण घरगुती ग्राहकाला पहिल्या युनिटापासून पैसे मोजावे लागतात आणि महिन्याला १०० युनिटांची रेषा ओलांडली की युनिटाचा दर जवळपास दुप्पट होतो. म्हणून लातूर किंवा कोल्हापुरातल्या मध्यम घरात तोच पंखा तितकेच तास चालला तर तो पापनाशमपेक्षा बराच लवकर फिटतो. सतराव्या शतकापासून तंजावरच्या परिसरात राहिलेल्या मराठी कुटुंबांना पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून बीएलडीसी पंख्याची शिफारस ऐकायला मिळते. पुण्यात ती योग्य असते. पापनाशमात तिचे उत्तर घरागणिक वेगळे येते. वस्तू तीच, वारा तोच, पण दरपत्रक बदलले की शहाणपणही बदलते.

बिलात न दिसणाऱ्या तीन गोष्टी या निर्णयात धरायला हव्यात. पहिली, इन्व्हर्टर. नोव्हेंबर २०१८ मधल्या गाजा चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्यातले अनेक भाग बरेच दिवस अंधारात ठेवले. त्यामुळे वीज गेल्यावर घर कसे चालेल, हा विचार या भागात सहज होतो. दीडशे अँपिअर-तासांच्या एका बॅटरीतून प्रत्यक्षात सुमारे सव्वा युनिटाच्या आत-बाहेर वीज मिळते. चार जुने पंखे तिच्यावर सुमारे चार तास चालतात, चार बीएलडीसी पंखे नऊ-दहा तास. रात्रभर वीज गेली तर हा फरक झोप आणि जागरण यांतला आहे. ज्या घरात इन्व्हर्टर आहे किंवा घ्यायचा आहे, तिथे वापराचा टप्पा कोणताही असो, बीएलडीसीकडे झुकण्यास सबळ कारण आहे, कारण लहान बॅटरीवर भागते आणि वाचलेली रक्कम बॅटरीच्या किमतीतही दिसते.

दुसरी गोष्ट दुरुस्ती. साध्या पंख्याचा वेग मंदावला तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तो शंभर रुपयांच्या आत कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि गल्लीतला इलेक्ट्रिशियन पाच मिनिटांत बसवतो. बेअरिंग बदलता येते, कॉइल जळली तर पुन्हा भरता येते. असे पंखे वीस-पंचवीस वर्षे चालतात. बीएलडीसी पंख्यात बिघडण्याची मुख्य जागा म्हणजे सर्किट बोर्ड. कंपनीगणिक तो वेगळा असतो, गावात मिळत नाही, आणि तो मिळवायला कुंभकोणम किंवा तंजावरच्या सेवा केंद्राकडे जावे लागते किंवा आठवडाभर वाट पाहावी लागते. ऐप्पसी-कार्तिगैच्या (ऑक्टोबर ते डिसेंबरच्या) पावसात विजा चमकतात आणि पुरवठ्यात झटके येतात, त्या दिवसांत असे बोर्ड विशेष धोक्यात असतात. पंख्याशिवाय काढलेला एक आठवडा ही मेच्या पापनाशमात लहान गोष्ट नाही. हमी संपल्यावर बोर्डासाठी पाच-सातशे रुपये गेले तर दुसऱ्या घराची दीड वर्षाची बचत तिथेच संपते.

तिसरी गोष्ट, महाग पंख्यात पैसे नेमके कशाचे जातात. बचत होते ती मोटरमुळे. रिमोट, पंख्यावरचा दिवा, मोबाइल ॲप, आवाजावर चालणे, लाकडासारखा रंग यांमुळे एक वॅटही वाचत नाही. उलट रिमोट असलेला पंखा बंद असतानाही थोडी वीज घेत राहतो. म्हाताऱ्या किंवा आजारी माणसासाठी रिमोटचा उपयोग खरा आहे आणि तेवढ्यासाठी तो घ्यावा. पण ज्याला बचत हवी त्याने पाच तारे, वॅट आणि हवेचा आकडा पाहावा आणि त्या निकषांत बसणारा सर्वांत साधा पंखा घ्यावा. चार हजारांच्या पुढचे 'स्मार्ट' पंखे हा सुखसोयीचा खर्च आहे. बचत म्हणून तो विकला जाऊ नये.

पंखा बदलण्याआधी करता येण्याजोगे काही स्वस्त उपायही आहेत. पात्यांवर धूळ आणि स्वयंपाकघराची चिकट काजळी बसली की वारा कमी होतो. महिन्याला एकदा ती पुसणे फुकट आहे. मंदावलेल्या पंख्याचा कपॅसिटर बदलला की तो पुन्हा पूर्वीसारखा फिरतो. जुना डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर दोन-तीनशे रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने रात्रीच्या मंद वेगातली वीज वाचते. सर्वांत मोठा उपाय छतावर आहे. पूर्वीच्या कौलारू घरांत मधले अंगण आणि उंच छप्पर यांमुळे गरम हवा वर निघून जाई. झोपड्यांच्या जागी पक्की घरे देणाऱ्या योजनांनी पावसापासून आणि आगीपासून माणसे वाचवली, हे मोठे काम झाले. पण काँक्रीटचा पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडतो. त्या खोलीतला पंखा, साधा असो की महाग, छताजवळची गरम हवाच खाली ढकलतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी स्लॅबला चुन्याचे पांढरे हात दिले तर ऊन परतवले जाते. हा खर्च एका बीएलडीसी पंख्याहून कमी असू शकतो, आणि कमी वापराच्या घराला त्यातून मिळणारा आराम पूर्णपणे त्याचाच असतो. ९० युनिटांच्या घराने पहिला पैसा पंख्यावर न घालता छतावर घालावा.

वाढीव किंमत बचत मिळणाऱ्याने सोसावी, या विचाराला या देशात आधार आहे. पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाने दीड दशकापूर्वी अशी कल्पना मांडली की अतिकाटकसरी पंख्याची वाढीव किंमत उत्पादकाला थेट द्यावी, म्हणजे दुकानात तो साध्या पंख्याच्या भावात मिळेल. बाराव्या पंचवार्षिक योजनेत ऊर्जा दक्षता ब्यूरोने याच धर्तीवर कार्यक्रम आखला. एलईडी दिव्यांनी तर हे प्रत्यक्ष करून दाखवले. त्या कार्यक्रमाची सुरुवात २०१४ साली तमिळनाडूच्या शेजारच्याच पुदुच्चेरीत झाली आणि ५ जानेवारी २०१५ पासून 'उजाला' योजनेतून तो देशभर पोहोचला. २०१४ च्या आरंभी ३१० रुपयांना खरेदी होणारा दिवा मोठ्या एकत्रित निविदांमुळे २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. ग्राहकाला तो बिलातून छोट्या हप्त्यांत घेता येई. पंख्यात तांबे, चुंबक आणि लोखंड असल्यामुळे किंमत इतकी खाली येणार नाही. पण एकत्रित खरेदीने ती नक्की घटते. केंद्राच्या एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस कंपनीने २०२३ च्या अखेरीस एक कोटी काटकसरी पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केला आहे. तमिळनाडूने त्यात आपल्या दररचनेला साजेसा वाटा उचलावा.

एक लाख पंख्यांचे गणित असे. ७५ वॅटचे जुने पंखे काढून ३० वॅटचे लावले तर वर्षाला सुमारे १ कोटी ९४ लाख युनिट वाचतात. १०० युनिटांच्या आतल्या घरांत ते बसवले तर शासनाचे अनुदान वर्षाला सुमारे पावणेनऊ कोटी रुपयांनी कमी होते. पंख्यामागे १,५०० रुपये शासनाने दिले तर खर्च १५ कोटी, म्हणजे दोन वर्षांच्या आत तो भरून येतो. पंखे एकाच वेळी चालू असताना मागणी साडेचार मेगावॅटने घटते. मे २०२४ मध्ये राज्याची कमाल मागणी २०,००० मेगावॅटच्या पुढे गेली होती. त्या दिवसांत बाहेरून घेतलेली वीज सर्वांत महाग असते. काही घरे वाचलेल्या युनिटांवर दुसऱ्या खोलीत आणखी एक पंखा लावतील आणि शासनाची बचत तेवढी घटेल, हे गृहीत धरले पाहिजे. पण तो वारा गरीब घरातल्या मुलांच्या झोपेचा आणि अभ्यासाचा असेल. त्याला वाया गेलेला पैसा म्हणता येणार नाही.

यावरून ऊर्जा विभागाने पुढील गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे.

एक : दोन महिन्यांचा वापर २०० युनिटांच्या आत असलेल्या प्रत्येक घराला एक पाच तारे पंखा साध्या पंख्याच्या किमतीत मिळावा. वाढीव किंमत अनुदानातल्या बचतीतून भरावी आणि ग्राहकाचा वाटा बिलातून हप्त्यांत घ्यावा. पंखा सर्वांवर लादू नये. ज्याला नको त्याला छताच्या पांढऱ्या लेपासाठी तितकीच रक्कम घेण्याची मुभा असावी.

दोन : जुना पंखा परत घेऊन भंगारात काढावा. तो दुसऱ्या घरात जाऊन लागला तर ७५ वॅटचा खर्च तसाच चालू राहतो. तांब्याचे मोल ग्राहकाला द्यावे.

तीन : खरेदीच्या अटींत हवेचा आणि विजेचा आकडा तर असावाच, त्याशिवाय पाच वर्षांची हमी, व्होल्टेजच्या झटक्यांपासून संरक्षण आणि सुटा विकत मिळणारा, ठरावीक मापाचा सर्किट बोर्ड या अटी घालाव्यात. रिमोट ऐच्छिक असावा.

चार : तंजावर जिल्ह्यातल्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनांना बीएलडीसी पंख्याच्या दुरुस्तीचे छोटे प्रशिक्षण द्यावे आणि तालुक्याच्या गावी बोर्ड मिळण्याची सोय करावी. पापनाशममध्ये दुरुस्त होऊ शकत नाही ती वस्तू पापनाशममध्ये अनुदानाने वाटू नये.

पाच : प्रत्येक बिलावर दोन ओळी वाढवाव्यात. या घराच्या शेवटच्या युनिटाचा दर किती आणि पुढच्या पायरीला किती युनिट उरले, एवढे ग्राहकाला कळले तर महाग पंखा आपल्याला परवडतो की नाही, हे तो स्वतः ठरवू शकेल.

सहा : सुरुवात शासकीय रुग्णालयांपासून करावी. तिथले पंखे चोवीस तास चालतात. एका जुन्या पंख्यामागे वर्षाला सुमारे ३९० युनिट वाचतात. युनिटाचा दर ५ रुपये इतका कमी धरला तरी ३,००० रुपयांचा पंखा दीड-दोन वर्षांत फिटतो. शाळांतले पंखे कमी तास चालतात, म्हणून तिथे जुना पंखा नादुरुस्त होईल तेव्हाच बीएलडीसी लावावा.

जोवर हे होत नाही तोवर पापनाशमच्या ग्राहकाला द्यायचा सल्ला असा : वापर १०० युनिटांच्या आत असेल तर चालू पंखा ठेवावा, तो साफ आणि दुरुस्त ठेवावा आणि छताला चुना द्यावा. २०० च्या आसपास असेल तर नवा पंखा घ्यायची वेळ येईपर्यंत थांबावे. वापर ३०० च्या पुढे असेल, घरात इन्व्हर्टर असेल किंवा उन्हाळ्यात ५०० ची रेषा जवळ येत असेल, तर सर्वांत जास्त चालणाऱ्या खोलीत साधा, पाच तारे बीएलडीसी पंखा लावावा. पहिल्या दोन गटांतल्या घरांना तिसऱ्या गटाइतकाच लाभ मिळवून देणे हे ऊर्जा विभागाच्या हाती आहे आणि त्यासाठी लागणारा पैसा त्याच घरांच्या वाचलेल्या युनिटांत आहे.

कळावे, ही विनंती.

एक वीजग्राहक
पापनाशम, जिल्हा तंजावर